माशीच्या पायाला लटकलेला विंचू

खिडकीच्या काचेवर घरमाशी बसली आहे. माश्या बसल्या की पाय एकमेकांवर घासतात तशी हीसुद्धा घासते आहे, पण एका पायाला चिकटलेली तपकिरी कणी काही केल्या निघत नाही. भिंग लावून पाहिलं तर त्या कणीला आठ पाय दिसतात. शिवाय पुढे दोन लांब चिमटे, आणि त्यांतल्या एका चिमट्यात माशीचा पाय. माशी उडाली की ही कणीही लोकलच्या दांड्याला धरून लटकलेल्या माणसासारखी तिच्याबरोबर निघते.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या हौशी निसर्ग-अभ्यासकांनी अशा माश्या पकडल्या आणि नियतकालिकांना कळवल्या. त्या नोंदींचं पुढे काय झालं, ते मला या प्राण्यापेक्षाही जास्त रंजक वाटतं. प्रश्न अगदी साधा होता: हा माशीचा पाय का धरतो? उत्तरं तीन निघाली. त्यांतलं कोणतं खरं हे नीट तपासलं जाईपर्यंत विसावं शतक संपत आलं होतं. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो; प्राणिशास्त्राशी माझा संबंध बारावीला सुटला. पण एवढा वेळ का लागला, ते मात्र मला माझ्या धंद्यामुळेच चटकन कळलं. त्याबद्दल पुढे.

आधी प्राणी. इंग्रजीत त्याला स्यूडोस्कॉर्पियन म्हणतात, म्हणजे खोटा विंचू. कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतावळ्यातला हा एक लहानखुरा भाऊबंद. बहुतेक जाती दोन ते पाच मिलिमीटरच्या. जगभरात चार हजारांच्या आसपास जाती माहीत आहेत. मराठीत नांगी हा शब्द दोन अर्थांनी चालतो. खेकड्याची नांगी म्हणजे चिमटा, विंचवाची नांगी म्हणजे शेपटीचा डंख. या प्राण्याला खेकड्याची नांगी आहे, विंचवाची नाही. शेपूटच नाही. विष असतं, पण ते बहुतेक जातींत चिमट्याच्या बोटांत, आणि तेही माइट किंवा बारीक किडे मारण्यापुरतं. माणसाला त्याचा काही उपद्रव नाही. कोळी पोटाच्या टोकाकडून धागा काढतो, हा जबड्याकडून काढतो आणि कात टाकायच्या वेळी त्याची इवलीशी खोली विणून आत बसतो. पंख नाहीत. चाल मंद.

तरीही तो सगळीकडे आहे, आणि फार जुन्या काळापासून लोकांच्या नजरेस पडतो आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात पुस्तकांमध्ये सापडणाऱ्या, शेपूट नसलेल्या चिमुकल्या विंचवांचा उल्लेख केला आहे. रॉबर्ट हूक सप्टेंबरातल्या एका दिवशी वाचत बसला असताना पुस्तकावरून एक बारीक प्राणी संथपणे चालत गेला. त्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त खेकड्यासारखा कीटक म्हणून त्याचं वर्णन केलं. जुन्या कागदांत बारीक उवांसारखे किडे असतात, ते याचं खाद्य. म्हणजे दोन हजार वर्षांच्या अंतराने दोन बुद्धिमान माणसांना तो एकाच जागी भेटला, कारण दोघंही बराच वेळ पुस्तकात डोकं घालून बसणारे होते. आपण जिथे बसतो तिथलं आपल्याला दिसतं, हे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

लिनियसने १७५८ साली त्याला नाव दिलं आणि माइट-गोचिडींच्या खात्यात टाकून दिलं. जातीचं नाव मात्र 'कँक्रॉइडिस', म्हणजे खेकड्यासारखा. चार वर्षांनी जॉफ्रवा या फ्रेंच माणसाने त्याच्यासाठी वेगळं खातं उघडलं. वर्गीकरणाची ती कुळकथा इथे सोडून देऊ.

घरात दिसणारा पुस्तकविंचू वेगळा आणि माश्यांना लटकणारे बहुतेक वेगळे. युरोपात घरमाशीच्या पायावर नेहमी सापडणाऱ्या एका जातीचं नाव लॅम्प्रोकर्निस नोडोसस. ती राहते उकिरड्यात: शेणखताच्या ढिगात, कुजत्या पालापाचोळ्यात. तिथे ऊब असते, ओल असते, माइट आणि माश्यांच्या अळ्या मुबलक. जागा अगदी झकास, फक्त टिकाऊ नाही. ढीग कुजून थंड होतो, वाळतो किंवा शेतकरी येऊन तो शेतात पसरून टाकतो. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, पण मिलिमीटरभर प्राण्याला बारा वर्षं थांबून चालत नाही. पुढचा उकिरडा दोन शेतं पलीकडे. त्याच्या पायांच्या हिशेबात ते अंतर म्हणजे दुसरा देश.

बिनपंखांचे जीव दूरवर कसे पोचतात, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकात वजन आलं ते डार्विनमुळे. जाती जर एकेका ठिकाणी उपजल्या आणि तिथून पसरल्या असतील, तर प्रत्येक तळ्यातली गोगलगाय तिथे कशी पोचली याचं उत्तर द्यावं लागतं. 'तिथेच निर्माण झाली' म्हणून सुटका होत नाही. डार्विनने बदकाचे पाय काढून पाण्याच्या टाकीत लोंबकळत ठेवले आणि नुकत्याच जन्मलेल्या गोगलगाई त्यांना चिकटतात का, ते पाहिलं. चिकटल्या. छापून आलेल्या त्याच्या शेवटच्या टिपणांपैकी एक याच विषयावर आहे. डब्ल्यू. डी. क्रिक नावाच्या नॉर्थॅम्प्टनच्या बूट-व्यावसायिकाने त्याला एक पाणभुंगेरा पाठवला, त्याच्या पायाला एका छोट्या शिंपल्याने करकचून पकडलं होतं. डार्विनने ते 'नेचर'मध्ये ६ एप्रिल १८८२ ला प्रसिद्ध केलं आणि १९ एप्रिलला तो वारला. (हा क्रिक म्हणजे डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिकचा आजोबा. असले योगायोग कोणी कथेत घातले तर आपण नाक मुरडू.)

शिंपल्याने पाय का धरला, हा प्रश्न कोणी विचारला नाही. शिंपला काही स्पर्श झाला की मिटतो; तो मिटला, मध्ये पाय होता. हेतूचा संबंध नाही, पण परिणाम मात्र प्रवास. माशीच्या पायावरचा खोटा विंचू याच चौकटीत सहज बसत होता. हॅरी वॉलिस क्यू या इंग्रज माणसाने १८९३ मध्ये शंख-शिंपल्यांच्या प्रसारावर पुस्तक लिहिलं होतं. त्याच क्यूने १९०१ मध्ये लिंकनशरच्या खोट्या विंचवांवर लिहिताना ते इतर प्राण्यांवर बसलेले सापडतात, त्या नोंदींचाही आढावा घेतला. शिंपल्यांवरून तो विंचवांवर आला, हा रस्ता मला सरळ वाटतो.

दरम्यान १८९६ साली पिएर लेन या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने या प्रकाराला नावही देऊन टाकलं: फोरेसी. 'वाहून नेणं' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून. एक जीव दुसऱ्याला खात नाही, त्याच्यावर जगत नाही, नुसता वाहन म्हणून वापरतो. गंमत अशी की लेनच्या निबंधात माशी हे वाहन नव्हतं, माशी प्रवासी होती. शेणकिड्यांवर स्वार होऊन शेणाच्या गोळ्यापर्यंत पोचणाऱ्या बारक्या माश्यांवर त्याने तो लिहिला होता.

नाव मिळालं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. इथे तो तिथूनच सुरू झाला. फोरेसी म्हणजे वाहन म्हणून वापर, बरं. पण हा प्राणी वाहन म्हणूनच वापरतो आहे, हे कशावरून?

पहिलं उत्तर: तो प्रवास करतच नाही, त्याची शिकार फसली आहे. खोटा विंचू शिकारी आहे, चिमट्यांवरच्या लांब केसांना जवळची हालचाल जाणवते आणि तो पकडतो. जे पकडलं ते माशी निघालं. माशी वजनाने कितीतरी पट, ती उडाली, आणि हा चिमटा सोडत नाही. कुठे माशी शिंकली, एवढाच मामला. दुसरं उत्तर: त्याला माशी किंवा भुंगेरा नको असतो, त्यांच्या अंगावर वावरणारे माइट हवे असतात. व्हिएन्नाच्या संग्रहालयातले माक्स बायर यांनी १९४८ मध्ये या विषयावर दीर्घ निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच फोरेसीच्या जोडीला 'फॅगोफिली' हा शब्द आहे. म्हणजे स्वारी नव्हे, फिरतं खाणावळघर. तिसरं उत्तर प्रवासाचं: जागा बदलायची आहे, म्हणून पाय धरला.

आता यातलं एक निवडायला पुरावा काय होता? पकडलेल्या माश्या. खिडकीत, दिव्याखाली, टेबलावर, जाळीत सापडलेल्या माश्या आणि भुंगेरे, सोबत जात, लिंग, संख्या, तारीख. विल्यम मचमोर यांनी १९७१ मध्ये उत्तर आणि मध्य अमेरिकेतल्या अशा नोंदी संकलित केल्या. पुष्कळ जातींत एक गोष्ट ठळक दिसते: लटकणाऱ्यांत प्रौढ माद्यांचा भरणा असतो. हे वाचून प्रवासवाल्यांचा जीव भांड्यात पडावा. या प्राण्यांत नर शुक्राणूंची पुडी जमिनीवर देठावर उभी करून ठेवतो आणि मादी ती उचलून घेते. अंडी पोटाखालच्या पिशवीत वाढतात. फळलेली एक मादी नव्या उकिरड्यात उतरली, तर वसाहत उभी करायला तिला दुसरं कोणी लागत नाही. म्हणजे प्रवास करावा तो मादीनेच.

पण शिकारवालाही याच आकड्यावर बोट ठेवू शकतो. अंडी वाढवणाऱ्या किंवा नुकत्याच त्यातून मोकळ्या झालेल्या मादीला भूक जास्त. भूक जास्त म्हणून ती हलेल त्याला पकडणार. म्हणून माश्यांवर माद्याच जास्त. एकच माहिती दोन्ही बाजूंना चालते. नोंदी आणखी शंभर वाढल्या तरी काही फरक पडणार नव्हता.

माझ्या कामात हा अनुभव नेहमीचा आहे. एखादी विनंती दहा सर्व्हिसमधून जाते आणि तुमच्या हातात फक्त पाचव्या सर्व्हिसचा लॉग असतो. त्यात ती दिसते. आली, गेली, इतकी मिलिसेकंद लागली. ती कोणी पाठवली आणि पोचली का, हे त्या लॉगमध्ये नसतंच. तो कितीही वेळा वाचा, कितीही ग्राफ काढा. तरी माणसं तोच पुन्हा पुन्हा वाचतात, कारण तो हाताशी असतो. खिडकीतली माशी म्हणजे हा पाचवा लॉग. स्वार कुठे चढला, त्याने आधी काय खाल्लं होतं, कुठे उतरला, उतरल्यावर काय केलं, यातलं काहीच त्या टाचणीला टोचलेल्या माशीवर लिहिलेलं नाही. निसर्ग-अभ्यासक खिडकीशी बसत होते, म्हणून त्यांना प्रवासाचा मधलाच तुकडा दिसत होता. हूकला पुस्तकावरचा दिसला तसाच. उकिरड्याशी कोण बसणार?

डेव्हिड आणि जीन झेह हे जोडपं बसलं. एका उकिरड्याशी नव्हे, अनेक ठिकाणी. त्यांचं काम १९९२ साली बऱ्याच निबंधांतून प्रसिद्ध झालं, आणि त्यांतल्या एकाच्या शीर्षकातच जुना वाद प्रश्न म्हणून मांडला आहे: फसलेली शिकार, की वाहतूक?

हा निबंध नैर्ऋत्य अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटातला. तिथे सग्वारो नावाचे दुमजली-तिमजली घराएवढे निवडुंग असतात. त्यांचा एखादा भाग कुजायला लागला की कोरड्याठाक मुलखात एक ओला, कुबट कप्पा तयार होतो. त्यात डायनोकायरस ॲरिझोनेन्सिस हा खोटा विंचू राहतो. त्याच कुजक्या गरात लांब पायांची एक माशी अंडी घालते. गर वाळला की विंचवाचा संसार संपला. पण माशी तिथून उडून दुसरा कुजलेला निवडुंगच शोधणार, कारण तिलाही पुढची अंडी तिथेच घालायची आहेत. दोघांचा पत्ता एक. इथे दोन्ही टोकं दिसतात, म्हणून प्रश्न तपासण्याजोगा होतो. शिकार फसत असेल तर उपाशी विंचू जास्त लटकायला हवेत, आणि शिकार करतानाची पकड व लटकतानाची पकड सारखीच हवी. प्रवास असेल तर जुन्या-वाळत्या घरातले जास्त निघायला हवेत. झेह दांपत्याचा कौल वाहतुकीच्या बाजूने पडला.

पनामातलं त्यांचं काम याहून नाट्यमय आहे. तिथे हार्लेक्विन बीटल नावाचा लाल-काळ्या नक्षीचा, हाताच्या बोटाएवढा भुंगेरा नुकत्याच मेलेल्या झाडांत अंडी घालतो, आणि त्या झाडांत कॉर्डिलोकर्निस स्कॉर्पिऑइडिस हा खोटा विंचू राहतो. अळ्यांचे भुंगेरे होऊन बाहेर पडेपर्यंत झाड पार कुजलेलं असतं. मग विंचू त्यांच्यावर चढतात आणि पंखांच्या कवचाखाली पाठीवर बसतात. भुंगेरा नव्या झाडावर उतरला की जबड्यातून काढलेल्या धाग्याला धरून खाली येतात. माइट खाण्यासाठी चढतात, हे जुनं स्पष्टीकरण इथे टिकलं नाही. पण अनपेक्षित गोष्ट वेगळीच निघाली. मोठे नर उतरतच नाहीत. ते भुंगेऱ्याची पाठ अडवून बसतात, दुसऱ्या नरांना हुसकावतात आणि वाटेत चढणाऱ्या माद्यांशी समागम करतात. वाहन हाच त्यांचा इलाका. जागा धरून बसलेल्या प्रवाशाला उठवता येत नाही, हा नियम फक्त आपल्या पॅसेंजर गाड्यांपुरता नाही.

आणि माशी? तीही आहे. पनामातच पॅन्टोफ्थाल्मस नावाची एक अवाढव्य माशी असते, तिच्या अळ्या लाकूड पोखरतात. ती कोशातून बाहेर पडते तो क्षण सेमिओकर्निस आर्मिजर या खोट्या विंचवासाठी निघायचा इशारा ठरतो. ती बाहेर आली की तो तिच्यावर चढतो. खिडकीतल्या माशीत जे दिसणं शक्य नव्हतं ते हे. चढण्याची जागा आणि चढण्याची वेळ.

म्हणजे 'तो प्रवासासाठी पाय धरतो' असं म्हणायचं का? इथे मराठीतला 'साठी' जरा अडचणीत आणतो. मी स्टेशनवर जाण्यासाठी रिक्षा करतो, यात माझा बेत आहे. हृदय रक्त ढकलण्यासाठी आहे, यात कोणाचाच नाही. खोट्या विंचवाचा 'साठी' दुसऱ्या जातीचा. पुढचा निवडुंग कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही, निवडुंग ही कल्पनाच नाही. घर वाळायला लागल्यावर ज्यांनी माशीचा पाय धरला आणि सोडला नाही, त्यांची पिलावळ उरली. ज्यांनी धरला नाही ते वाळक्या गराबरोबर संपले. एवढंच त्या 'साठी'त आहे. माझं मत विचाराल तर शिकारवाल्यांची बाजू पूर्णपणे निकालात निघाली असं मला वाटत नाही. चिमटा मुळात शिकारीचा आहे. फार पूर्वी कधीतरी एखाद्या फसलेल्या झडपेतूनच ही वाट सापडली असावी, आणि मग चूक उपयोगी पडते म्हणून ती टिकली. आमच्याकडे असं कोड कोणी पुसत नाही; पुढच्या आवृत्तीत ते सुविधा म्हणून जाहीर होतं.

हे पूर्वी म्हणजे किती पूर्वी, त्याचा एक पुरावा बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरमध्ये आहे. चार कोटी वर्षांच्या आसपास जुन्या त्या राळेच्या खड्यांत गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या कीटकाला चिमट्याने धरलेला खोटा विंचू सापडला आहे. डॉमिनिकन अंबरमध्ये भुंगेऱ्यांवरचे सापडले. माणसाने पहिली खिडकी बसवण्याच्या कितीतरी आधीपासून ही वाहतूक चालू आहे.

आपल्याकडचं म्हणाल तर नॉर्वेच्या एलिंगसेन यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या खोट्या विंचवांवर १९१४ मध्ये निबंध लिहिला होता. १९३२ मध्ये जोसेफ चेंबरलिन यांनी त्यांच्या नावावरून एलिंगसेनिअस अशी प्रजाती केली आणि तिच्यात एक इंडिकस घातला. हा राहतो आपल्या सातेरी मधमाशीच्या घरात, आणि लटकतोही तिलाच. उकिरडा वाळतो, निवडुंग वाळतो. पोळ्याचं तसं नाही. पण सातेरी घर सोडून जाण्याबद्दल प्रसिद्धच आहे. खाणं आटलं, मुंग्यांनी किंवा मेणकिड्याने त्रास दिला, की अख्खी वसाहत उठते आणि मागे रिकामी पेटी राहते. हे महाबळेश्वर भागातल्या कोणत्याही मधपाळाला वेगळं सांगावं लागणार नाही. एरवी पेटीच्या तळाशी हिंडणारे विंचू त्या दिवशी कुठे असतात, ते कळायला उठलेलं मोहोळ झाडाला घोसासारखं लटकतं तेव्हा माश्यांचे पाय बघायला हवेत, आणि मग मागे राहिलेल्या पेटीचा तळ.